उशाशी बसलेले माणूस

आपल्याकडे मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना त्यांचे आजारपण सहसा दोन वाक्यांत आटोपते. अमुक साली प्रकृती ढासळली. अमुक तिथीला देहावसान झाले. या दोन वाक्यांच्या मध्ये कधी दोन महिने गेलेले असतात, कधी दोन वर्षे. त्या काळात रात्री कोणी जागून काढल्या, आजाऱ्याची कूस कोणी बदलून दिली, पथ्याचे कोणी रांधले, त्याच्या चिडचिडीचे बोल कोणी ऐकून घेतले, याची नोंद ठेवावी असे इतिहासकाराला वाटले नाही; आणि ज्याने हे सारे केले त्याला ती ठेवायला सवड नव्हती. आजच्या भाषणात मला या नोंद नसलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे. घरच्या आजाऱ्याची सेवा करणारे माणूस आपल्या समाजात पूर्वी कोण होते, आज कोण आहे, आणि त्याच्यावरचा भार काळाच्या ओघात कसा पालटत गेला, एवढाच माझा विषय आहे.

मराठीत या कामाला शब्दांची वाण नाही. आपण सेवा म्हणतो, उस्तवार म्हणतो, 'आजारपण काढले' म्हणतो, 'खस्ता खाल्ल्या' म्हणतो. यांतले काही शब्द पुण्याचे आहेत, काही कष्टाचे आहेत. पण या सर्वांत 'शुश्रूषा' हा शब्द मला विशेष वाटतो. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा या शब्दाचा पहिला अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे बोलणे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवाही करीत असे. त्यावरून पुढे सेवा हाच अर्थ रूढ झाला आणि ऐकण्याचा अर्थ मागे पडला. तो मागे पडलेला अर्थ श्रोत्यांनी थोडा वेळ ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

प्राचीन वैद्यकाने मात्र सेवा करणाऱ्याला विसरण्याची चूक केली नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा. त्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी चरकाची अपेक्षा आहे. वाग्भटानेही परिचारकाचे असेच चार गुण मोजले आहेत. चौरंगाचा एक पाय लुळा पडला तर चौरंग कलंडतो, इतके महत्त्व या शास्त्राने उपस्थात्याला दिले. परंतु त्या शास्त्रातही एक उणीव राहिली. उपस्थात्याने काय करावे हे सांगितले. उपस्थाता थकला तर काय करावे, हे सांगितले गेले नाही. पुढच्या सगळ्या इतिहासावर या उणिवेची सावली पडलेली आहे.

मराठ्यांच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध आजारपण म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांचे. पानिपतानंतर खचलेले राज्य ज्या तरुणाने सावरले, त्याला राजयक्ष्म्याने गाठले. १७७० साली कर्नाटकाच्या मोहिमेतून त्याला प्रकृतीमुळे मागे फिरावे लागले आणि मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. या आजारपणाच्या राजकीय परिणामांविषयी आपल्या इतिहासकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. पण क्षय हा एका रात्रीचा रोग नव्हे. तो खोकल्याने, ज्वराने आणि अन्नद्वेषाने माणसाला महिनोन्‌महिने झिजवतो, आणि जवळच्या माणसालाही झिजवतो. त्या महिन्यांतल्या रमाबाई आपल्याला कितीशा ठाऊक आहेत? आपल्याला ठाऊक आहे तो त्यांचा शेवटचा एक दिवस. त्या सती गेल्या, आणि थेऊरला त्यांचे वृंदावन उभे राहिले. जागून काढलेल्या रात्रींचे वृंदावन कोणी बांधत नाही. स्त्रीचे आत्मसमर्पण डोळे दिपवणारे असेल तरच ते स्मरणात ठेवायचे आणि रोजचे असेल तर गृहीत धरायचे, ही आपली जुनी खोड या एका उदाहरणात पुरती दिसून येते.

पेशव्यांच्या घरी निदान वैद्य, सेवक आणि दासी यांची ददात नव्हती. सामान्य मराठी घरात काय होत असे? येथे आपण लगेच एकत्र कुटुंबाचे नाव घेतो. वाड्यात पंचवीस माणसे नांदत. एकाला ज्वर आला तर दहाजण धावून येत. म्हातारी माणसे नातवंडांच्या गराड्यात सुखाने डोळे मिटत, असे चित्र आपण रंगवतो. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. हात पुष्कळ होते, आणि हात पुष्कळ असले म्हणजे भार वाटला जातो, हे खरेच आहे. पण त्या पंचवीस माणसांतले प्रत्यक्ष आजाऱ्याच्या उशाशी कोण बसे, हे बारकाईने पाहिले तर चित्राचा रंग बदलतो. पुरुष माणसे वैद्याला बोलावीत आणि कचेरीला जात. लेकुरवाळ्या सुना चूल आणि पाळणा सांभाळीत. आजाऱ्याचे भांडे उचलणे, जखम धुणे, रात्री हाकेला ओ देणे, हे काम फिरत फिरत बहुधा घरातल्या एखाद्या विधवेकडे येऊन थांबे. ती आत्या असे, नणंद असे, कधी थोरली जाऊ असे. बालपणीच कपाळ पांढरे झालेली, माहेरी वा सासरी आश्रयाला राहिलेली, हक्काचे घर किंवा हक्काचा पैसा नसलेली ही स्त्री 'नाही' म्हणू शकत नव्हती. एकत्र कुटुंबाच्या ज्या सेवाभावाचे आपण गोडवे गातो, तो पुष्कळ घरांत या एका निराधार बाईच्या पाठीवर उभा होता. ती स्वतः अंथरुणाला खिळली म्हणजे तिच्या उशाशी कोण बसे, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या चित्रात नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारकांनी हा अन्याय ओळखला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला आणि विधवांच्या शिक्षणाची वाट रुंद झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. पतीच्या अखेरच्या दुखण्यात त्यांच्याजवळ असलेल्या रमाबाई रानड्यांनी पुढे १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत एका थोर पुरुषाचे घर आतून दिसते, आणि त्या घरातले आजारपणही दिसते. रमाबाईंचे मोठेपण असे की, वैधव्याच्या कोपऱ्यात त्या बसून राहिल्या नाहीत. मुंबईत १९०८ साली व पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले, आणि पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करणे हे कुलीन स्त्रीला लांच्छन आहे असे मानणाऱ्या काळात हे घडले. घरात जे काम ती कोणी न विचारता, कोणी न मोजता करीत होती, तेच काम रुग्णालयात विद्या ठरले, त्याला वेतन मिळाले, कामाचे तास ठरले आणि सुट्टी मिळाली.

या सुधारणांनी विधवेला मुक्त केले, ही आपल्या इतिहासातली अत्यंत अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जे काम ती करीत होती ते काम नाहीसे झाले नाही. ते घरातच राहिले, फक्त आता ते करणारे माणूस ठरलेले नव्हते. तिच्या जागी कोण, हा प्रश्न समाजाने त्या वेळी विचारला नाही आणि आजही मोकळेपणाने विचारलेला नाही. जुन्या व्यवस्थेकडे परत जावे, असे कोणीही सुजाण माणूस म्हणणार नाही. मात्र ती व्यवस्था कोणाच्या जिवावर चालली होती हे विसरून जे लोक आजच्या पिढीला 'पूर्वी असे नव्हते' म्हणून दूषण देतात, त्यांनी त्या आत्याबाईचे स्मरण करावे.

एकत्र कुटुंबाबाहेर पडलेल्या घराचे आजारपण कसे असते, हे मराठी समाजाने सर्वांत आधी ज्या घरी पाहिले, त्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे घर येते. शाळा काढल्याबद्दल १८४९ साली त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले होते. पती, पत्नी आणि दत्तक घेतलेला यशवंत, असा तो लहानसा संसार होता. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवे अंग लुळे पडले. त्या माणसाने डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले, ही हकीकत आपण आदराने सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण उजवा हात गेलेल्या माणसाला उठवणे, बसवणे, भरवणे, त्याच्यासमोर कागद धरणे या गोष्टी त्या लहान घरात कोणाच्या वाट्याला आल्या असतील, हे वेगळे सांगायला नको. आयुष्यभर जे मिळवले ते समाजकार्यात खर्च झालेले; औषधपाण्याची ओढाताण इतकी की, स्नेह्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, पुण्यात प्लेग आला असता, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचाही अंत झाला. त्यांच्या चरित्रात पहिल्या शिक्षिकेला जे स्थान आहे, ते तिथल्या शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला अजून पुरते मिळालेले नाही.

पुरुषाने केलेल्या शुश्रूषेची गोष्ट मात्र निराळी असते. महारोगाने पीडित झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांची सेवा करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र देशभर पोहोचले, आणि त्याने लोकांच्या मनातली भीती कमी केली, हे त्याचे मोठे कार्य. पण त्याच काळात या देशातल्या किती घरांत किती स्त्रिया तेच काम करीत होत्या, त्यांचे छायाचित्र काढावे असे कोणालाही वाटले नाही. पुरुष उशाशी बसला तर ती घटना होते. स्त्री बसली तर तो नित्यक्रम असतो.

आता महाराष्ट्राबाहेर, नर्मदेकाठच्या जबलपूरकडे येतो. मराठी माणूस येथे आला तो आधी राज्यकर्ता म्हणून. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढ्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांकडे. पुढे १८६१ साली मध्यप्रांत झाला, १८७० साली मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, आणि मराठी माणूस येथे दुसऱ्यांदा आला तो कारकून, मास्तर, वकील, रेल्वेचा नोकर म्हणून. १९५६ साली राज्य-पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्या वेळी कित्येक मराठी कुटुंबांचे दोन तुकडे झाले. एक भाऊ नागपूरला राहिला, दुसरा इकडे आला.

राइट टाउन ही इंग्रजी अमदानीत नाव मिळालेली, नेपियर टाउनच्या शेजारची वस्ती. सरळ रस्ते, आवाराच्या भिंती, पुढे बाग आणि मागे नोकरांच्या खोल्या, अशी तिची जुनी ठेवण. वाडा आणि बंगला यांतला फरक केवळ बांधणीचा नाही. वाड्यात एक चौक आणि भोवती अनेक बिऱ्हाडे. कोणी कण्हले तरी चार दारे उघडत. बंगल्याला आवार असते आणि आवाराला फाटक असते. बदलीच्या नोकरीने आणि या फाटकाने मिळून सेवेचे हात कमी केले. गावाकडची चुलती येथे येऊ शकत नव्हती, शेजारी सज्जन असले तरी परके होते, आणि आजारपण आले म्हणजे घरात दोनच माणसे उरत: एक निजलेले आणि एक जागे. कर्तव्याचा दंडक मात्र वाड्यातलाच राहिला. पंचवीस माणसांच्या घराने घालून दिलेला आदर्श दोन माणसांच्या घराने पाळायचा, ही आजच्या सगळ्या ताणाची मूळ गाठ आहे.

अशा परगावी विखुरलेल्या मराठी घराची एक हकीकत सर्वांना परिचित असायला हवी. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे पूर्वज खानदेशातल्या जळगावहून ग्वाल्हेर राज्यात गेलेले. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामांकित कवी. स्वतः गजाननरावांनी काही काळ या जबलपुरात काढला, मग नागपूर, मग १९५८ पासून राजनांदगावचे महाविद्यालय. तेथे फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. भोपाळचे रुग्णालय, तेथून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, दीर्घ बेशुद्धी, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी मृत्यू. शासनाने मदत केली, साहित्यिक धावले, जबलपूरच्या हरिशंकर परसाईंसारख्या मित्रांनी साथ दिली आणि त्या दिवसांविषयी लिहिलेही. पण पत्नी शांताबाईंच्या वाट्याला आलेले ते सात महिने कोणाला वाटून घेता येण्याजोगे नव्हते. परगावची रुग्णालये, घरी शिकणारी मुले, पगाराची विवंचना, आणि समोर हाकेला ओ न देणारा पती! ज्या कवीच्या प्रत्येक ओळीवर ग्रंथ लिहिले जातात, त्याच्या उशाशी बसलेल्या त्या स्त्रीविषयी फार थोड्या ओळी लिहिल्या गेल्या आहेत.

मुक्तिबोधांच्या काळानंतर रोगांचे स्वरूपही पालटले. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ४० लाख भरली. पूर्वी माणूस विषमज्वराने पंधरा दिवसांत जाई किंवा उठून बसे. आता पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार, कंपवात, स्मृतिभ्रंश ही दुखणी वर्षानुवर्षे चालतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. विज्ञानाने आयुष्य लांबवले, त्याबरोबर शुश्रूषाही लांबली.

लांबलेल्या शुश्रूषेने मनाची काय अवस्था होते, ते राइट टाउनमधल्या जुन्या मराठी घरांतून पाहावयास मिळते. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. बंगल्यात ऐंशी-पंच्याऐंशीचे आई किंवा वडील, आणि साठीला टेकलेली एक मुलगी, सून किंवा मुलगा. पहिले वर्ष उत्साहाचे असते. समाचाराला येणारे येतात, फळे आणतात, सल्ले देतात. दुसऱ्या वर्षी येणारे कमी होतात, सल्ले मात्र दूरध्वनीवरून येत राहतात. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण आपण निर्दयपणे वापरतो. तिची खरी झळ रोग्यापेक्षा उशाशी बसलेल्याला लागते. त्याची झोप जाते, मग स्नेहीसोबती जातात, मग लग्नकार्याची निमंत्रणे येईनाशी होतात, कारण 'त्यांना कुठे जमणार आहे' असे लोकांनीच ठरवून टाकलेले असते. ज्या आईने आपल्याला न्हाऊ घातले तिला आता आपण न्हाऊ घालायचे. ज्या वडिलांच्या शब्दाबाहेर गेलो नाही त्यांच्यावर पथ्यासाठी डोळे वटारायचे. नात्याची ही उलथापालथ मनाला आतून चिरत जाते. रात्री चौथ्यांदा हाक आली की तोंडातून कठोर शब्द निघतो, आणि त्या शब्दाचा पश्चात्ताप दिवसभर पुरतो.

याहून खोल एक गोष्ट आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. दीर्घ दुखण्यानंतर माणूस गेले म्हणजे आपल्याकडे 'सुटला बिचारा' म्हणण्याची रीत आहे. हा शब्द मृतासाठी योजलेला असतो. पण उशाशी बसलेल्याच्या मनातही सुटकेचा विचार कधीतरी डोकावून गेलेला असतो, आणि त्या एका विचारासाठी तो स्वतःला आयुष्यभर अपराधी मानतो. वास्तविक तो विचार मनुष्यस्वभावाला धरून आहे. थकलेल्या देहाला विश्रांती हवीशी वाटणे म्हणजे रोग्याचे मरण इच्छिणे नव्हे. परंतु सेवा हे केवळ पुण्य मानणाऱ्या समाजात थकव्याची कबुली हे पाप ठरते, आणि माणूस गप्प बसतो.

या मौनाचे पुरावे शोधायचे तर ते सरकारी कचेऱ्यांत सापडतील. माझ्या नोकरीत रजेचे पुष्कळ अर्ज नजरेखालून जातात. त्यांत कारणाच्या रकान्यात 'घरगुती कारण' एवढे दोनच शब्द असतात. उद्या कोणी शुश्रूषेचा इतिहास लिहायला बसले, तर हे दोन शब्द त्याचे एक मोठे साधन ठरतील. केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी सबंध सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू लागली, आणि पुढे एकट्या पित्यांनाही मिळाली. ही सुधारणा स्तुत्य आहे. वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी मात्र अशी स्वतंत्र रजा नाही. ती आपल्या अर्जित रजेतूनच भागवावी लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरच्या माणसांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे. त्यांत मुलांचे संगोपनही आले. बरे, मिनिटे मोजता येतात. रात्रभर कान जागा ठेवून घेतलेली झोप कोणत्या रकान्यात घालावी?

कायद्यानेही या माणसाची दखल उशिराच घेतली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्या मुलांना जाब विचारला. न टाकणाऱ्यांना त्यात काही आधार नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या आणि मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यांत मात्र काळजी वाहणाऱ्याची व्याख्या आली, आणि वेतन न घेता सेवा करणाराही तीत धरला गेला. पहिल्या कायद्यात तर अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेखही आहे. चरकाने ज्याला चिकित्सेचा एक पाद म्हटले, तो अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात पुन्हा उभा राहिला. पुस्तकातून तो घरापर्यंत पोहोचायचा आहे.

हे दुखणे आपल्याच समाजाचे आहे, असे मात्र नव्हे. इंग्लंडात मेरी वेब्स्टर नावाच्या धर्मोपदेशिकेला आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी १९५४ साली आपले काम सोडावे लागले. आपल्यासारख्या घरोघर कोंडलेल्या अविवाहित स्त्रिया हजारोंनी आहेत, हे तिने लोकांपुढे मांडले, आणि १९६५ साली त्यांची संघटना उभी राहिली. त्या चळवळीतून १९७६ साली तेथे शुश्रूषेचा भत्ता सुरू झाला. विवाहित स्त्रीला तो नाकारण्यात आला, कारण ती तशीही घरीच असणार असे शासनाने धरले होते. १९८६ साली न्यायालयाच्या निर्णयानंतर तिलाही हक्क मिळाला. आपल्या वाड्यातली विधवा आणि इंग्लंडातली अविवाहित कन्या, दोघींची कहाणी किती सारखी आहे! फरक एवढाच की, तिकडे त्यांपैकी एकीने 'मी थकले' असे चारचौघांत म्हटले, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

येथे शुश्रूषेचा तो जुना अर्थ पुन्हा आठवतो. परप्रांती राहणाऱ्या मराठी घरांत स्मृतिभ्रंशाचे एक विलक्षण रूप दिसते. चाळीस-पन्नास वर्षे जबलपुरात राहून हिंदी सफाईने बोलणारी आजी हळूहळू ती भाषा विसरते, आणि लहानपणच्या वऱ्हाडीत किंवा कोकणीत बोलू लागते. दिवसाच्या कामाला ठेवलेली बाई प्रेमळ असते, कष्टाळू असते, पण आजी काय मागते आहे हे तिला उमगत नाही. त्या घरात ती भाषा समजणारे एकच माणूस उरलेले असते. पाणी हवे, ऊन लागते, आई कुठे गेली, हे शंभर वेळा विचारलेले प्रश्न ते माणूस शंभर वेळा ऐकते. आणि त्याचे स्वतःचे बोलणे ऐकायला कोणीच नसते.

राइट टाउनमध्ये आज बंगल्यांच्या शेजारी खासगी रुग्णालये उभी आहेत. दर्शनी पाटीवर डॉक्टरांची नावे व पदव्या असतात. आत बाकांवर, पिशवीत डबा आणि कागदपत्रे घेऊन, ज्यांना तेथे 'अटेंडंट' म्हणतात ती माणसे बसलेली असतात. उपस्थाता या शब्दाचा तो जवळजवळ शब्दशः अनुवाद आहे. त्यांच्यासाठी शासनाने काय करावे, हे सांगता येते: रजा द्यावी, भत्ता द्यावा, गावोगाव दिवसभराची शुश्रूषाकेंद्रे काढावीत, घरी येणाऱ्या परिचारिकांची सोय करावी. हे होईल तेव्हा होवो. आप्तेष्टांना मात्र आजच करता येण्याजोगे काही आहे. पुढच्या वेळी कोणाच्या समाचाराला जाल, तेव्हा फळांची पिशवी नसली तरी चालेल. त्या उशाशी बसलेल्या माणसाला उठवावे, त्याच्या जागी आपण चार तास बसावे, आणि त्याला आतल्या खोलीत निजायला पाठवावे. ते उठल्यावर जे बोलेल, ते सल्ला न देता ऐकून घ्यावे.